महापालिकेची इमारत मंजूर रकमेच्या आत कशी बसली? स्टीव्हन्स, पीडब्ल्यूडी आणि कंत्राटदार

फोर्टकर (धागाकर्ता)

बोरीबंदरसमोरच्या मुंबई महापालिका मुख्यालयाचा हिशेब आधी मांडतो. कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हस्ते बसली. प्रत्यक्ष काम २५ एप्रिल १८८९ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १८९३ ला पुरं झालं. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये, प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये शिल्लक राहिले, तेही २३५ फुटी मनोरा, घुमट आणि इतकं कोरीवकाम करून.

वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. जन्म १८४७, इंग्लंडमधलं बाथ. १८६७ साली पीडब्ल्यूडीत (सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात) असिस्टंट इंजिनिअर म्हणून आले, आधी पुणे, मग मुंबई. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम (आताचं पोलीस महासंचालक कार्यालय), व्हिक्टोरिया टर्मिनस (व्हीटी, आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), महापालिका, चर्चगेटचं बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं मुख्यालय ही त्यांची ठळक कामं. १९०० साली मुंबईतच मलेरियाने गेले.

माझं मत असं की या बचतीचं श्रेय एकट्या आराखडाकाराला देणं चूक आहे. खात्याची शिस्त, जागेवरचे देशी इंजिनिअर आणि कंत्राटदार यांचा वाटा निदान बरोबरीचा आहे. जाणकारांनी तपशिलात लिहावं.

---

बोरीबंदर

चांगला धागा. कारकिर्दीतला एक टप्पा राहिला, आणि तुमच्या प्रश्नासाठी तोच महत्त्वाचा आहे. १८८४ साली स्टीव्हन्स सरकारी नोकरी सोडून खासगी व्यवसायात उतरले. त्यामुळे सेलर्स होम हे पीडब्ल्यूडीतल्या माणसाचं काम, व्हीटी हे खात्याने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेला उसन्या दिलेल्या माणसाचं काम, आणि महापालिका हे फी घेऊन काम करणाऱ्या स्वतंत्र वास्तुविशारदाचं काम. तीन कामांत तीन वेगळी नाती. 'सरकारी आर्किटेक्ट स्टीव्हन्स' असं सरसकट लिहिलं की हा फरक पुसला जातो.

खात्यात त्या काळी निव्वळ वास्तुविशारद फारसे नसत. रस्ता, पूल, तुरुंग, कचेरी, बहुतेक सगळं इंजिनिअरच काढत. मुंबई सरकारला सल्लागार वास्तुविशारद मिळाला तो १९०१ साली, जॉन बेग. स्टीव्हन्स तेव्हा हयात नव्हते.

---

शरयू_मा

सेलर्स होमसाठी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी २ लाख रुपये दिले होते, तेही नोंदवून ठेवते. काम १८७२ ते १८७६. दर्शनी त्रिकोणात नेपच्यून आहे. पोलिसांकडे येण्याआधी त्या इमारतीत विधिमंडळ भरत असे.

---

मोजमापवही

बचतीच्या प्रश्नाला अंदाजपत्रकाच्या बाजूने हात घालतो.

पीडब्ल्यूडीच्या पद्धतीत इमारतीचं अंदाजपत्रक तीन कागदांवर उभं राहतं. पहिला मोजमापाचा तक्ता: प्रत्येक भिंतीची लांबी, रुंदी, उंची, त्यातून दारं-खिडक्यांची वजावट. दुसरा दरांचा: खोदकाम, अनघड दगडाचं बांधकाम, घडीव दगड, लाकूडकाम, फरशी, कौलं, प्रत्येकाचा दर ठरावीक एककाला. मुंबईकडे बांधकामाचं एकक ब्रास, म्हणजे १०० घनफूट. तिसरा गोषवारा: परिमाण गुणिले दर, खाली बेरीज, आणि त्यावर आकस्मिक खर्चासाठी साधारण शेकडा ५.

आता महापालिकेचे आकडे या चौकटीत ठेवून पाहा. ११,८८,०८२ मध्ये शेकडा ५ आकस्मिक खर्च धरलेला असेल, तर मूळ कामाचा आकडा येतो सुमारे ११,३१,५००. प्रत्यक्ष खर्च त्याहूनही साडेअकरा हजारांनी कमी. म्हणजे आकस्मिक खर्चाच्या रकमेला जवळपास हात लागला नाही आणि मूळ परिमाणं जवळजवळ तंतोतंत उतरली. माझ्या लेखी ६८ हजारांच्या बचतीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. इतकी अचूक परिमाणं तेव्हाच निघतात, जेव्हा निविदा काढण्याआधी तपशिलाचे नकाशे तयार असतात. कमानीची जाडी, कंगणीचा (भिंतीबाहेर काढलेल्या दगडी पट्टीचा) पुढावा, जिन्याची पायरी, सगळं.

अंदाजपत्रक फुटतं ते बहुतेक वेळा दोन जागी. पाया धरला त्याहून खोल न्यावा लागतो, किंवा काम चालू असताना नकाशा बदलतो. पहिलं टाळायला चाचणीचे खड्डे घ्यायचे. दुसरं टाळायला मालकाला आधीच बांधून घ्यायचं.

---

अनघड

@मोजमापवही, याला जोड देतो. हायकोर्टाची इमारत पाहा. जनरल जेम्स फुलर यांचं काम, १ एप्रिल १८७१ ते नोव्हेंबर १८७८. खर्च १६,४४,५२८ रुपये, मंजूर रकमेपेक्षा २,६६८ ने कमी. साडेसोळा लाखांत पावणेतीन हजारांचाही फरक नाही!

आणि फुलर कोण? तरुण स्टीव्हन्स १८६८ साली मुंबईत आले ते फुलर यांच्याच हाताखाली. परिमाणं काढायची आणि आकड्यात राहायची सवय त्यांना तिथून लागली. १८८९ साली ते खासगी असले तरी अंदाजपत्रक मांडायचे खात्याच्या वळणानेच. फोर्टकर म्हणतात ती 'खात्याची शिस्त' ती हीच.

---

गुण्या_ओळंबा

शिस्त मान्य. पण भिंत कागदावर उभी राहत नाही. दगडकामात पैसा कुठे जातो हे कळल्याशिवाय बचत कळणार नाही, म्हणून थोडं लांब लिहितो.

फोर्टातल्या त्या पिढीच्या इमारतींच्या जाड भिंती सबंध घडीव दगडाच्या नसतात. दर्शनी तोंड खंडकीचं (ढोबळ चौकोनी घडवलेल्या दगडाचं) किंवा बारीक घडीव दगडाचं, आत गाभा अनघड दगड आणि चुन्याचा. अनघड बांधकामाला एका ब्रासमागे ३० ते ३५ घनफूट चुना लागतो. बारीक घडाईच्या कामाला त्याच्या चौथाईहूनही कमी, पण पाथरवटाची मजुरी कित्येक पट. दर्शनी दगड किती इंच आत न्यायचा, यावर म्हणूनच लाखाचा आकडा हलतो.

पाथरवटाचं काम असं चालतं. खाणीतून दगड ढोबळ मापाला फोडून येतो. जागेवर सुतकीने (पाथरवटाच्या हातोड्याने) कडा काढतात, गुण्या लावून दोन बाजू काटकोनात आणतात, मग टाकीने, म्हणजे छिन्नीने, तोंड. तोंड किती बारीक करायचं, याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. वर मनोऱ्यावर, खालून १५० फुटांवरून दिसणाऱ्या दगडाला रस्त्यालगतच्या दगडाइतकी बारीक टाकी मारणं म्हणजे पैसे हवेत उडवणं. महापालिकेच्या इमारतीकडे नीट पाहिलंत तर खालचं कोरीवकाम नाजूक आहे आणि वर जाल तसे आकार ठसठशीत होत जातात. सावली पडेल इतके खोल खाच, बारीक रेषा कमी. नजर आणि खिसा दोन्ही सांभाळणारी ही योजना आराखडा काढणाऱ्याचीच असते. म्हणून स्टीव्हन्सना मी थोडं जास्त श्रेय देईन.

आणखी एक. तोंड आणि गाभा एकत्र बांधायला प्रत्येक थरात साधारण ५ ते ६ फुटांवर आरपार दगड लागतो, भिंतीच्या एका बाजूपासून दुसरीपर्यंत जाणारा. भिंत फार जाड असेल तर दोन दगड एकमेकांवर चढवून. कंत्राटदार चोरी करतो ती इथे, कारण लांब दगड महाग आणि प्लास्टर झाल्यावर दिसत नाही. आरपार दगड कमी पडले की काही वर्षांनी तोंड गाभ्यापासून सुटतं आणि भिंत पोट काढते. १८९३ पासून आजवर ती भिंत सरळ उभी आहे, यात स्टीव्हन्सइतकाच जागेवर काम मोजून घेणाऱ्यांचा हात आहे.

---

नंदू_गिरगाव

'भिंत पोट काढते' :) हा शब्दप्रयोग गवंड्यांकडून बरेचदा ऐकलाय, कारण मात्र आज कळलं. धन्यवाद.

---

फोर्टकर

@गुण्या_ओळंबा, हेच हवं होतं. आता कंत्राटदारावर या. कंत्राट व्यंकू बाळाजी कालेवार यांचं. तेलुगू भाषक, मुंबईच्या कामाठी बांधकाम परंपरेतले. याच पिढ्यांत जया कराडी लिंगू, नागू सयाजी ही नावं येतात. गॉथिक मुंबई बांधली त्यात तेलंगणातून आलेल्या माणसांचा वाटा केवढा, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीनेही येत नाही.

---

चुनखडी

कामाठीपुऱ्याचं नाव त्याच माणसांवरून पडलं, आणि आज ते नाव ऐकून बांधकाम कुणाच्याच मनात येत नाही. ही खरी खंत.

कंत्राटदाराच्या कौशल्याची कसोटी चुना आणि पावसाळा. २५ एप्रिलला काम सुरू झालं म्हणजे पहिला पाऊस यायला जेमतेम सहा आठवडे. तेवढ्यात खोदकाम उरकून पाया जोत्याकडे आणायचा, नाहीतर चर पाण्याने भरतात, कडा ढासळतात आणि तोच चर पुन्हा काढावा लागतो. पुढे ४ वर्षं ३ महिन्यांत चार अख्खे पावसाळे आणि पाचव्याची सुरुवात गेली. पावसात उघड्यावर चुन्याचं काम होत नाही, ताजा चुना धुपतो. ते महिने छपराखाली दगड घडवून ठेवण्यात घालवायचे आणि पाऊस ओसरला की थर चढवायचे. ज्याचा दगड तयार, त्याचे गवंडी रिकामे बसत नाहीत.

११,१९,९६९ भागिले ५१ महिने, सरासरी महिना २२ हजार रुपयांच्या आसपास काम झालं. एवढी गती धरायला खाणी, बोटी, गाड्या आणि घाण्या सगळं एका तालात चालावं लागतं.

चुन्याचं थोडक्यात: कळीचा (भाजून काढलेला) चुना पाणी घालून विझवायचा, चाळायचा, मग घाणीत मळायचा. घाणी म्हणजे गोल दगडी चर, त्यात बैलाने ओढलेलं दगडी चाक. नुसता पांढरा चुना ओल्या हवेत आतून घट्ट होत नाही. त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड लागते. कंकराचा (मातीमिश्रित चुनखड्यांचा) चुना असेल तर तो स्वतःच पाण्याखालीही आवळतो, पण तो त्याच दिवशी वापरून संपवावा लागतो. उरलेला चुना सकाळी पाणी मारून पुन्हा मळला की दिसायला ताजा, पण जोर गेलेला. अशा चुन्याचा सांधा नखाने खरवडला तरी भुगा होतो.

---

कलबूत

विषय थोडा व्हीटीकडे नेतो, कारण कारकिर्दीचं वळण तिथे आहे.

जीआयपी रेल्वेने काम दिल्यावर स्टीव्हन्स दहा महिने युरोपातली स्थानकं बघत फिरले. बांधकाम १८७८ ला सुरू, १८८८ ला पुरं. १८८७ च्या ज्युबिलीला राणीचं नाव. खर्च १६.१४ लाख. म्हणजे हायकोर्टाइतक्याच पैशात, पण दहा वर्षं. महापालिकेला सव्वाचार. फरक का? स्थानकाला गाड्या थांबवून काम करता येत नाही. रूळ, फलाट, प्रवासी चालू ठेवून तुकड्या-तुकड्यांनी बांधावं लागतं, परांच्या हलवाव्या लागतात, माल साठवायला जागा नसते.

आणि घुमट. तो अष्टकोनी, फासळ्यांचा, दगडी, आणि कलबुताशिवाय (बांधताना खालून आधार देणाऱ्या तात्पुरत्या लाकडी साच्याशिवाय) बांधलेला आहे. त्या काळी हे नवल मानलं गेलं.

---

शरयू_मा

कलबुताशिवाय म्हणजे नेमकं कसं? कमान तर कलबुताशिवाय पडतेच ना?

---

कलबूत

@शरयू_मा, कमान पडते, कारण कळीचा दगड बसेपर्यंत तिची दोन टोकं एकमेकांना टेकत नाहीत. घुमटाचं गणित वेगळं. त्याचा प्रत्येक थर म्हणजे एक बंद कडं. कडं पुरं झालं की त्यातले दगड आत पडू पाहतात, पण शेजारी शेजाऱ्याला दाबून धरतो. म्हणून वरचा भाग बांधायच्या आधीच खालचा भाग स्वतःच्या बळावर उभा असतो. कडं पुरं होईपर्यंत मोकळे दगड धरून ठेवायचे, एवढीच सोय लागते.

अष्टकोनात अडचण अशी की सपाट बाजूच्या मधल्या दगडाला शेजाऱ्याचा दाब तिरका मिळत नाही, सरळ मिळतो. तिथे दगड आत सटकू शकतो. व्हीटीच्या फासळ्यांत डव्हटेल (पंख्यासारखे फाकलेले, एकात एक अडकणारे) सांधे आहेत. असा सांधा दगडाला दोन्हीकडून कुलूप घालतो, आणि आठ कोपऱ्यांतल्या फासळ्या भार खाली नेतात. पाथरवटाला मात्र प्रत्येक दगड साच्याच्या पत्र्यावरून कापावा लागतो, दोन सुतांचा फरक पडला तरी तो बसत नाही.

अजून एक खुबी. अर्धगोल घुमटात माथ्यापासून साधारण ५२ अंशांपर्यंत कड्यात दाब असतो, त्याखाली ताण. दगडाला ताण सोसत नाही, म्हणून अर्धगोल घुमट तळाशी उभे तडकतात. व्हीटीचा घुमट उंच आणि टोकदार आहे, त्यामुळे बाहेर ढकलणारा जोर कमी. शिवाय टोकदार घुमटाला माथ्यावर वजन चालतं, किंबहुना हवं असतं. वरची 'प्रगती'ची मूर्ती, उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक, शोभेसोबत हेही काम करते.

---

नंदू_गिरगाव

व्हीटीचं कोरीवकाम जे. जे. स्कूलमधले शिल्पकार लॉकवुड किपलिंग यांनी केलं असं सगळीकडे वाचायला मिळतं.

---

बोरीबंदर

@नंदू_गिरगाव, साल जुळत नाही. लॉकवुड किपलिंग १८७५ साली मुंबई सोडून लाहोरला गेले आणि व्हीटीचं काम १८७८ ला सुरू झालं. जे. जे. स्कूलमध्ये तेव्हा जॉन ग्रिफिथ्स होते, त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी स्तंभशीर्षं, पानं, पक्षी, माकडं केली. किपलिंग यांचं काम बघायचं असेल तर क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं बघा. दारातले सिंह आणि वाघ, आणि माथ्यावरची 'प्रगती' हे थॉमस अर्प यांचं.

व्हीटीच्या जागेवरच्या माणसांची नावंही घेतलीच पाहिजेत: असिस्टंट इंजिनिअर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि सुपरवायझर एम. एम. जनार्दन. रोज सकाळी ओळंबा लावणारी, मोजमाप लिहिणारी माणसं ही. स्टीव्हन्सच्या आराखड्याचं चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं (अ‍ॅक्सेल हेग यांनी रंगवलेलं), वैद्यांच्या वह्या मात्र कुणी भिंतीवर लावल्या नाहीत.

---

अनघड

व्हीटी ही लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाची नक्कल म्हणतात त्याचं काय? मला तर नक्कल वाटत नाही.

---

फोर्टकर

छाप आहे, नक्कल नाही. सेंट पँक्रासमध्ये पुढे हॉटेल आणि त्याच्या पाठीमागे गाड्यांचं छप्पर. व्हीटीत पुढची इमारत रेल्वे कंपनीची कचेरी, अंगणाभोवती तीन बाजूंनी वळलेली, आणि गाड्यांचं छप्पर बाजूला. तिकडे घुमट नाही, इकडे सगळी रचना घुमटाभोवती फिरते. घुमटाखालच्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्या एका टोकाला भिंतीत अडकवलेल्या आहेत, दुसरं टोक मोकळं. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकून वळण रोखते. त्यातली एक पायरी नंतर कुणी कापली किंवा सैल झाली तर वरच्या सगळ्या धोक्यात येतात, म्हणून अशा जिन्यांत पाइप किंवा वायर न्यायला भोक पाडायला मनाई असावी.

---

शरयू_मा

माकडं, मगरी, पन्हळी... पावसात पन्हळींच्या तोंडातून पाणी आलं की ती जनावरं खऱ्या अर्थाने कामावर येतात :)

---

चुनखडी

@शरयू_मा, आणि ती कामावर असणं गरजेचंच आहे! पन्हळ पुढे काढायचं कारण पाणी भिंतीपासून दूर पडावं. पन्हळ तुंबली की पाणी कंगणीवरून मागे वळतं आणि भिंतीत उतरतं. फोर्टातल्या बहुतेक बिघाडांची सुरुवात तिथून होते. मूळ दुखणं चार आहेत:

पहिलं, पोरबंदरचा दगड. काठेवाडातून समुद्रमार्गे यायचा, खाणीतून निघाल्यावर मऊ, कोरायला सोपा, हवा लागली की वरून घट्ट. पण तो चुनखडीचा आहे. गाड्यांच्या धुराने आम्ल झालेला पाऊस त्याला विरघळवतो. जिथे पाऊस थेट धुतो तिथे नाक-डोळे झिजतात, जिथे पोचत नाही तिथे काळी खपली धरते आणि एक दिवस ती खपली वरच्या थरासकट सुटते. बेसॉल्टला हा त्रास जवळजवळ नाही. म्हणून एकाच भिंतीत काळा दगड ताजा आणि शेजारची कोरीव पट्टी झिजलेली दिसते.

दुसरं, दगडाचा थर. चुनखडीचा दगड खाणीत जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसवायचा. उभा बसवला तर वहीच्या पानांसारखा सुटतो. पुढे आलेल्या कंगणीत मात्र थर उभा, भिंतीला काटकोनात ठेवतात, नाहीतर खालचा पदर गळून पडतो.

तिसरं, लोखंडी पकडी. दगड एकमेकांना बांधायला लोखंडी पट्ट्या शिसं ओतून बसवत. शिशाचं आवरण फुटून पाणी शिरलं की लोखंड गंजून फुगतं आणि दगडाचा कोपरा उडवतं. दुरुस्तीला स्टेनलेस स्टील वापरावं, साधी सळई नाही.

चौथं आणि सगळ्यांत वाईट, सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरणं. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही, मग ओल दगडातून बाहेर पडते, क्षार दगडाच्या तोंडाशी साठतात आणि तोंड भुरभुरतं. सांधा शाबूत आणि दगड खलास! जुना सिमेंट-सांधा ग्राइंडरने काढायला गेलं तर दगडाच्या कडा जातात. हाताने, बारीक छिन्नीने, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल काढायचा, पाण्याने धुवायचा, आणि मूळ चुन्याच्या जवळ जाणारं मिश्रण थरा-थराने दाबून भरायचं, वर दिवसभर ओलं पोतं. आम्लाने किंवा वाळूच्या माऱ्याने धुणं पूर्ण वर्ज्य.

---

मोजमापवही

पिंपळ विसरलात. वरून तोडला की मूळ सांध्यात जाड होत जातं. सांधा उकलून मूळ काढावं लागतं आणि ते दगड पुन्हा बसवावे लागतात.

---

बोरीबंदर

मूळ प्रश्नाकडे येताना १८८४ ते १८८९ या पाच वर्षांबद्दल कुणीच बोललं नाही. कोनशिला बसली आणि इमारत मात्र नाही. त्या काळात शैलीचा वाद चालू होता. रॉबर्ट चिझम यांनी इंडो-सारसेनिक (भारतीय आणि मुसलमानी वळणं मिसळलेल्या) पद्धतीचा आराखडा मांडला होता. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँट यांच्यानंतर पुरा केला तेच चिझम. शेवटी स्टीव्हन्स यांचा आराखडा घेतला गेला. पण बघा, महापालिकेत स्टीव्हन्सही व्हीटीच्या गॉथिकपासून बरेच पुढे सरकलेत. मुख्य घुमट आणि कोपऱ्यांचे छोटे घुमट सरळ मुसलमानी वळणाचे आहेत. मग बीबीसीआयच्या चर्चगेट इमारतीत (१८९४ ते १८९९) ते आणखी त्या दिशेला गेले.

---

अनघड

मला महापालिकेपेक्षा व्हीटी सरस वाटते. व्हीटीत प्रत्येक कोपऱ्याला कारण आहे, महापालिकेचा मनोरा अंगापेक्षा मोठा.

---

गुण्या_ओळंबा

@अनघड, असहमत. जागा बघा: दोन रस्ते टोकदार कोनात मिळतात तिथे इमारत आहे. अशा टोकाला बुटकी इमारत बांधली तर समोरच्या व्हीटीपुढे ती हरवते. टोकावर उंची उभी करणं हाच मार्ग होता. मनोऱ्याचं वजन मात्र त्या कोपऱ्यात एकवटतं. २३५ फुटी मनोरा आणि शेजारची कमी उंचीची बाजू सारखी बसत नाही, मनोरा जास्त खचतो. म्हणून मनोऱ्याखालचा पाया रुंद पायऱ्यांचा करून दर चौरस फुटाला पडणारा भार बाजूच्या भिंतींच्या जवळ आणावा लागतो, आणि मनोरा सावकाश, बाजूच्या भिंतींबरोबर चढवावा लागतो. ते नीट झालं नसतं तर जोडाच्या कमानींत तडे दिसले असते.

---

नंदू_गिरगाव

महापालिकेचं सभागृह २००० साली आगीत जळलं होतं ना? पुन्हा तसंच केलं का?

---

शरयू_मा

हो, आग २००० ची. ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद, ३८ फूट उंच अशी ती जागा. लाकूड जळलं, दगड बराचसा टिकला. नंतर लाकडी काम पुन्हा करून सभागृह उभं केलं.

---

फोर्टकर

सगळं वाचून माझं मत थोडं पक्कं झालंय, थोडं बदललंय. पाच वर्षांचा वाद मी वाया गेलेला वेळ समजत होतो. मोजमापवही यांच्या हिशेबानंतर उलट वाटतं: वाद बांधकामाच्या आधी संपला, म्हणून बांधकामात नकाशा बदलला नाही आणि आकस्मिक खर्चाला हात लागला नाही. त्यात आराखडाकार, नगरसभा आणि कंत्राटदार तिघांचाही लाभ झाला.

एक मुद्दा मात्र अजून उभा आहे. स्टीव्हन्स खासगी वास्तुविशारद होते. तेव्हाची फी साधारण खर्चाच्या शेकडा ५ असे. म्हणजे खर्च कमी झाला की त्यांची फीही कमी. तरीही काम मंजूर रकमेच्या खाली उतरलं.

---

मोजमापवही

@फोर्टकर, म्हणूनच मोजमाप वास्तुविशारदाच्या हातात ठेवत नाहीत. काम कंत्राटदार करतो, मोजतो तिसराच. महिन्याचं बिल येण्याआधी प्रत्येक थराची लांबी-रुंदी-उंची वहीत चढते, झाकलं जाणारं काम (पाया, गाभा, आरपार दगड) झाकण्याआधी मोजून सही होते, आणि पान फाडायला किंवा आकडा खोडून लिहायला बंदी, चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही. दर आधी ठरलेले, परिमाण वहीतून, गुणाकार कारकुनाचा. यात वास्तुविशारदाला फुगवायला जागाच उरत नाही. ६८,११३ रुपये मला त्या वहीत दिसतात.

---

गुण्या_ओळंबा

वही मान्य. पण वहीत मोजण्यासारखं सरळ काम उभं करणारे कालेवारांचे गवंडी आणि पाथरवट. वाकडी भिंत मोजता येते, तिचा पैसाही मिळतो, पण वरची कमान तिच्यावर बसत नाही आणि मग तोडून पुन्हा बांधावं लागतं. तो खर्च झालेला नाही, हे तुमच्याच आकड्यांनी दाखवलंय. हायकोर्ट आणि सेक्रेटरिएटच्या कंत्राटदारांवर वेगळा धागा काढा कुणीतरी, तिथली नावं इथल्याइतकीच महत्त्वाची आहेत.

---

बोरीबंदर

काढतो. त्यात खानबहादूर मंचेरजी कावसजी मुर्झबान यांनाही घेतो. पीडब्ल्यूडीत राहून कामा हॉस्पिटलसारखं काम केलेला आणि पुढे महापालिकेचा एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झालेला माणूस. स्टीव्हन्स खातं सोडून बाहेर पडले, मुर्झबान आत राहिले. दोघांची तुलना तिथे करू.